डाव्या हाताचं दुखणं

"बोलू नको. ते बोलतंय, मला ऐकू दे."

आपल्या मनगटावर त्यांची तीन बोटं, मान किंचित तिरकी, नजर स्वतःच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर. आमच्या ढोल पथकात नवीन आलेल्या प्रत्येकाने दादांच्या तोंडून ऐकलेलं पहिलं वाक्य हे. नाव, शिक्षण, कुठे राहतोस, हे सगळं नंतर. आधी हात पुढे.

मला ते फार सोयीचं वाटलं होतं. अनोळखी माणसांत गेल्यावर काय बोलायचं हा माझा जुना प्रश्न आहे, आणि इथे एक माणूस चक्क 'बोलू नको' म्हणत होता.

ढोल पथकं तुम्ही मिरवणुकीत पाहिली असतील. पांढरे कुर्ते, फेटे, पुढे नाचणारा ध्वज. तुम्हाला दिसत नाहीत ते त्याआधीचे दोन महिने. नाशिकला मखमलाबाद रोडला लग्नाची लॉन्स आहेत. पावसाळ्यात मुहूर्त नसतात, म्हणून त्यातलं एक आम्हाला संध्याकाळी सरावाला मिळायचं. मालकांची मागेच फुलांची शेती. ते गमतीने म्हणायचे, "तुमच्या दणक्याला घाबरून माझी शेवंती आठ दिवस आधी फुलते." वधूवरांच्या स्टेजवर आम्ही पाण्याच्या बाटल्या आणि चपला ठेवायचो, आणि समोरच्या ओल्या गवतावर ऐंशी ढोल रांगेत उभे राहायचे.

दादा ढोल नव्हे, ताशा वाजवायचे. ताशा दिसायला लहान, गळ्यात अडकवलेला, दोन बारीक काड्यांनी वाजवायचा. पण ऐंशी ढोल त्याच्याच हुकमात असतात. दादांच्या काड्या ताशाच्या कडेला नुसत्या टेकल्या तरी सगळी रांग श्वास रोखायची. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग काढते. सरळ रेषा म्हणजे काय हे मला कळतं असं मला वाटायचं. दादांचा ताशा ऐकल्यावर कळलं, आवाजाचीही सरळ रेषा असते.

ते तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. चांदवडकडचे, सातपूरच्या एका कंपनीत मशीन ऑपरेटर, सडसडीत, तंबाखू नाही, दारू नाही. कधी पहिली पाळी, कधी रात्रपाळी. रात्रपाळी असली की सराव संपवून तसेच कामावर जायचे. डब्याऐवजी वाटेत वडापाव.

त्यांचा नियम असा होता. आल्यावर प्रत्येकाची नाडी बघायची. वीस मिनिटं वाजवून झालं की पुन्हा बघायची. मग दोन मिनिटं गवतावर बसायचं, गप्पा नाहीत, मोबाईल नाही, आणि तिसऱ्यांदा बघायची. बसल्यावरही आकडा शंभराच्या खाली आला नाही तर त्या दिवशी ढोल नाही. दोन दिवस असं झालं तर डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय सराव नाही. मग तो पथकाचा सगळ्यात चांगला वादक असला तरी.

ऐंशी जणांना ते एकटे कुठे पुरणार? पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेतलं. "तू शांत हायेस. तुझी बोटं बी शांत असतील." नाडी कुठे लागते ते त्यांनी मला माझ्याच मनगटावर दाखवलं. अंगठ्याच्या रेषेत थोडं खाली, दाबायचं नाही, नुसतं टेकायचं. अंगठ्याने बघायचं नाही, कारण अंगठ्यात स्वतःचीच नाडी असते.

माझी एक अडचण होती. मी इंग्रजी शाळेत शिकले. एकोणऐंशी म्हणजे सेव्हंटी नाइन की एटी नाइन, यात मी आजही अडकते.

"शहात्तर," दादा सांगायचे.

"म्हणजे... सेव्हंटी सिक्स?"

"हो बाई कॉन्व्हेंट, सेव्हंटी सिक्स! नाडीला काय, कुठलीबी भाषा चालते."

तेव्हापासून मी 'कॉन्व्हेंट' झाले. नाव कोणी विचारलंच नाही, आणि मीही सांगितलं नाही.

हा नियम सगळ्यांना आवडायचा असं नाही. ऋतुराज नावाचा आमचा ढोलवादक होता, सव्वीस वर्षांचा, रोज जिममध्ये जाणारा. पुढच्या रांगेत मधोमध उभा राहायचा. त्याला बघायला लोक थांबायचे. एकदा तो बसून पाच मिनिटं झाली तरी त्याची नाडी एकशे दहाच्या खाली येईना. दुसऱ्या दिवशीही तेच.

"दादा, मी एकशे वीस किलो डेडलिफ्ट मारतो," ऋतुराज म्हणाला.

"मार की. मी नाय म्हटलं का? पण बसल्यावर हे खाली का येत नाय, ते सांग."

"गरम होतंय म्हणून."

"मला बी गरम होतंय. चिठ्ठी आण."

ऋतुराजने ढोल सगळ्यांसमोर आदळला आणि गेला. चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला तो वडिलांना घेऊन. सव्विसाव्या वर्षी त्याचं ब्लडप्रेशर इतकं होतं की डॉक्टरांनी मशीन बदलून पुन्हा बघितलं. जिममधली कसली तरी पावडर बंद झाली, गोळी सुरू झाली, घरातलं लोणचं-पापड बंद झालं. वडील दादांचे हात धरून काही बोलू लागले, तर दादा म्हणाले, "काका, ते राहू द्या. तुम्ही तुमचं कधी बघितलं? हात द्या इकडं." वडिलांचाही हात त्यांनी धरलाच.

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. ताशाची दोरी आवळत, माझ्याकडे न बघता.

कंपनीत त्यांच्या शेजारच्या मशीनवर एक जण होता, बत्तीस वर्षांचा. दोघं रोज एका डब्यात जेवायचे. एके दुपारी त्याने भाकरी मोडली आणि तसाच बाजूला कलला. "सगळे ओरडायला लागले, नाडी बघा, नाडी बघा. मी हात धरला त्याचा. मला सापडंच ना. इकडं दाबतोय, तिकडं दाबतोय." दोरी आवळणं थांबलं. "ती गेलती, का मला शोधता येत नव्हती, ते मला अजून माहीत नाय."

त्यानंतर महिनाभर ते कंपनीच्या दवाखान्यातल्या सिस्टरकडे जेवणाच्या सुट्टीत जायचे. नाडी शोधायला शिकायला. पस्तिशीतला माणूस, हातावर वंगण, स्टुलावर बसून येईल त्याची नाडी मोजतोय, हे चित्र मी कितीदा मनाशी काढून पाहिलं आहे.

आता आमच्या पथकातली एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ढोल वाजवताना उजव्या हातात टिपरू, म्हणजे वाजवायची काठी असते, पण डावा हात उघडा असतो. त्याची थाप थेट पानावर, म्हणजे ढोलाच्या कातड्यावर पडते. त्यामुळे पथकात प्रत्येकाचा डावा हात दुखतो. तळवा सुजतो, कोपर भरून येतं, खांदा वर उचलत नाही. नवीन माणसाचा डावा हात दुखायला लागला की जुने टाळ्या वाजवतात. "लागला, लागला! ढोल लागला!" स्टेजवर कापराच्या तेलाची एक मोठी बाटली कायम असायची. तेल लावायचं आणि पुन्हा उभं राहायचं. बाहेरच्या जगात डावा हात दुखला की माणसं घाबरतात. आमच्याकडे अभिनंदन व्हायचं.

गणपतीला दहा दिवस होते. रविवार, पूर्ण सराव. दादा रात्रपाळी करून दोन-तीन तास झोपून आले होते. नवीन मुलांची थाप कच्ची होती म्हणून त्यांनी ताशा उतरवून ठेवला आणि तासभर स्वतः ढोल बांधून त्यांना शिकवलं. मग मोठी विश्रांती झाली. ते स्टेजच्या पायरीवर बसले आणि डावा हात चोळू लागले.

ऋतुराजने बघितलं. "अरे, दादांना ढोल लागला!"

ऐंशी जणांनी टाळ्या वाजवल्या. शिट्ट्या झाल्या. कोणीतरी तेलाची बाटली नाचवत आणली. दादाही हसले, पण सगळ्यांच्या थोडं नंतर.

मी पाण्याच्या पिंपाजवळ उभी होते. मला लोकांकडे बघत राहायची सवय आहे. न बोलणाऱ्या माणसाला दुसरं काय काम असतं? दोन महिने मी या सगळ्यांचे हात हातात घेतले होते. ढोलाने दुखणारा हात चोळताना माणूस एका जागी येऊन थांबतो. तिथे दाबलं की 'आई गं' म्हणतो आणि पुन्हा तिथेच दाबतो. दादांचं तसं होत नव्हतं. ते कोपर दाबत होते, मग दंड, मग खांदा, मग पुन्हा कोपर. त्यांना दुखरी जागा सापडत नव्हती. दुखणं हातात होतं, पण हातातल्या कुठल्याही जागेवर नव्हतं. वारं सुटलं होतं, मला थंडी वाजत होती, आणि त्यांच्या कपाळावर घाम होता.

मी म्हणाले, "दादा, हात."

कोणाला ऐकू गेलं नाही. मलाच नीट ऐकू आलं नाही.

मला खरंच असं वाटलं की झालं, मी म्हटलं, आता माझी जबाबदारी संपली. मग मी त्यांना जबडा चोळताना बघितलं.

"दादा! हात द्या."

लॉन्सवर एकदम शांतता झाली. मग कोणीतरी ओरडलं, "अरे, कॉन्व्हेंट बोलली!" आणि हशा पिकला.

"माझा कशाला?" दादा म्हणाले. "मी ताशावाला. ॲसिडिटी झाली आसंल, सकाळी मिसळ खाल्ली."

"तुमचाच नियम आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. दोन महिन्यांत त्यांची स्वतःची नाडी एकदाही कोणी मोजली नव्हती. मोजणाराही मोजायचा असतो, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. हसणं हळूहळू थांबलं. ऐंशी माणसांसमोर ते एक शब्द बोलून मला गप्प करू शकले असते. मी आयुष्यभर गप्पही राहिले असते. त्यांनी बाही वर केली आणि हात पुढे केला.

मनगट गार आणि ओलं होतं. मी मोजायला लागले. ते काही सांगू लागले, तर मी म्हटलं, "बोलू नका." नाडी धावत होती, आणि मधेच एक ठोका गाळत होती. त्यांच्या ताशातून मी असा ठोका कधीही गळलेला ऐकला नव्हता.

"किती?" त्यांनी विचारलं.

"वन एटीन. आणि मधेमधे चुकतेय."

"बसून किती वेळ झाला मला?"

"दहा मिनिटं तरी."

त्यावर त्यांनी जे केलं ते मला पुढे अनेक दिवस आठवत राहिलं. त्यांनी घाबरून छातीला हात लावला नाही, 'बघू घरी गेल्यावर' म्हणाले नाहीत. कोणीतरी सोडा आणायला पळत होतं, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसं, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मग हा माणूस आज वाजवणार नाय. ऋतु, गाडी काढ. बाईक नको. घरी नाय जायचं, दवाखान्यात जायचं, ईसीजी करायला. कॉन्व्हेंट, तू बस मागं. बाकीच्यांनी सराव बंद करू नका."

आणि ते स्वतःच्या पायांनी चालायला लागले, तर ऋतुराज ओरडला, "दादा, चालायचं नाही!" दादा लगेच थांबले. ज्या पोराला त्यांनी एकदा बाहेर काढलं होतं, त्याने आणि आणखी एकाने त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून गाडीपर्यंत नेलं. एवढा हुकूम चालवणारा माणूस इतका निमूटपणे हुकूम पाळू शकतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. आम्ही बाहेर पडलो तेव्हा मागे एकही ढोल वाजत नव्हता. त्यांचा हा एकच हुकूम पथकाने मोडला.

जवळच्या दवाखान्यात ईसीजीचा कागद बाहेर आला तसा डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी एक गोळी चावायला दिली, मोठ्या हॉस्पिटलला फोन केला, आणि रुग्णवाहिकेतून दादांना पुढे नेलं. हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी जवळजवळ पूर्ण बंद होती. त्याच संध्याकाळी ती उघडून स्टेंट टाकला.

नंतर तिथल्या डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, "यांना इतक्या लवकर कोणी आणलं? या वयाचे लोक बहुतेक दुसऱ्या दिवशी येतात. रात्रभर ॲसिडिटीचं औषध पीत बसतात."

ऋतुराजने माझ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "नाडी बघितलीत, चांगलं केलंत. पण समजा, ती नॉर्मल लागली असती तर? अटॅकमध्ये तशीही लागू शकते."

नॉर्मल लागली असती तर मी आकडा सांगून बाजूला झाले असते, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना तेल लावलं असतं.

तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो. वहिनी पलंगाजवळ बसून मोसंबी सोलत होत्या. त्यांचा राग अजून उतरला नव्हता.

"सगळ्या नाशिकच्या नाड्या बघितल्या यांनी," त्या मला म्हणाल्या. "मी किती वर्षं म्हणतेय, एकदा रक्त तपासा, एकदा बीपी बघा. तर म्हणे, मला काय धाड भरलीये?"

दादा छताकडे बघत होते. मग म्हणाले, "माझे वडील चाळिशीत गेले. कांदा भरता भरता बसले आन् गेले. घरी सगळे म्हणायचे, उन्हानं गेले." थोडं थांबून म्हणाले, "मला माहीत होतं. उन्हानं नाय गेले. भ्याव वाटायचं मला तपासायचं. दुसऱ्याची मोजत बसलं ना, की आपली आठवत नाय."

वहिनींच्या हातातलं मोसंबं तसंच राहिलं. हे त्यांनाही पहिल्यांदाच कळत होतं.

डॉक्टरांनी मला विचारलेला प्रश्न मी दादांना सांगितला. सांगू की नको, असं झालं होतं, पण सांगितला. "म्हणजे माझा नियम अर्धाच होता," ते म्हणाले. "लिही. हात दुखून घाम आला, छाती भरली, जबडा धरला, तर नाडी कितीबी असू दे, आधी ईसीजी. आन् पंचविशीच्या पुढं ज्याच्या घरात कोणी असं गेलं असंल, त्यानं आधी बीपी, शुगर, चरबी तपासून यायचं. आन् ती तेलाची बाटली फेकून दे."

अंगात नळ्या असलेला माणूस स्वतःची चूक इतक्या सरळ दुरुस्त करतो, हे बघून मला बोलणं सुचेना. अर्थात ते मला एरवीही सुचत नाही.

त्या वर्षीच्या मिरवणुकीत दादा नव्हते. ताशा दुसऱ्याने वाजवला. आम्ही बरे वाजलो, एवढंच.

वर्षभरात त्यांनी काय काय केलं ते वहिनींकडून कळत राहिलं. पाळ्या बदलून मागून त्यांनी कायमची दिवसपाळी घेतली. रोज सकाळी म्हसरूळला डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालायचे. मीठ मोजून, गोळ्या वेळेवर. दोन्ही भावांना चांदवडहून ओढून आणून त्यांच्या तपासण्या करवल्या. धाकट्याचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, तर दादांनी पेढे वाटले म्हणे. "सापडलं ना," म्हणाले, "सापडलं म्हणून पेढे."

यंदा जुलैत सराव सुरू झाला. डॉक्टरांनी दादांना पथकात यायची परवानगी दिली होती, बेताने, थोडा वेळ. तासन्‌तास ताशा वाजवायला मात्र नाही म्हणाले होते. पण ऋतुराजला ते पटत नव्हतं. "दहा मिनिटं तर वाजवतील," तो म्हणत होता. त्याने आधीच येऊन दादांचा ताशा पुसून, दोऱ्या आवळून ठेवला. रांगेच्या मधोमध त्यांची जागा मोकळी सोडली. सगळे उभे राहिले आणि वाट बघू लागले.

दादा आले. जरा वजन उतरलेले, केस बारीक कापलेले. त्यांनी सगळ्यांना हात केला. मधल्या मोकळ्या जागेपाशी आले, ताशाकडे बघितलं, ऋतुराजच्या पाठीवर थाप मारली, आणि तसेच पुढे चालत शेवटच्या रांगेत गेले.

शेवटच्या रांगेत झांजा असतात. तिथे यंदा आलेल्या कॉलेजच्या मुली होत्या. नाशिकमध्ये ज्याच्या ताशाच्या खुणेवर ऐंशी ढोल फिरायचे, तो माणूस पोत्यातून झांजांचा एक जोड काढून त्यांच्या ओळीला टोकाला उभा राहिला.

"हे कसं धरायचं गं?" त्यांनी शेजारच्या मुलीला विचारलं.

ती आठ दिवसांपूर्वीच आली होती. हे कोण, हे तिला माहीत नव्हतं. तिने त्यांच्या बोटांत दोरी नीट गुंडाळून दिली, एकदा वाजवून दाखवलं. ते लक्ष देऊन बघत होते. मग सराव सुरू झाला आणि दादांची झांज पहिल्याच फेरीला सगळ्यांच्या आधी वाजली.

"काका, घाई करू नका," मुलगी म्हणाली. "ढोल येऊ द्या, मग वाजवा."

"बरं," दादा म्हणाले, आणि झांजा छातीशी धरून ढोलांची वाट बघत उभे राहिले.